रूळ गेले, वाट उरली



सायकल आपल्या घरोघरी आहे, परंतु सायकलस्वाराला स्वतःची अशी वाट क्वचितच लाभते. हमरस्त्याने जावे तर मालमोटारींच्या धुरळ्यातून अंग चोरून जावे लागते. आडवाटेला लागावे तर चढ, चाकोऱ्या आणि सुटे दगड यांनी जीव मेटाकुटीस येतो. मोटारीचा उपद्रव नाही, चढाचा जाच नाही, चाकाखाली घट्ट बसलेली बारीक खडी, एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला झाडी, अशी शेकडो किलोमीटर लांबीची वाट केवळ सायकलींसाठी नव्याने बांधावयाची म्हटली, तर तो खर्च कोणाही सरकारला जड जाईल. तरीही अशा वाटा जगात आहेत. त्या बांधल्या गेल्या आगगाडीसाठी. पुढे आगगाडी बंद पडली, रूळ उचलले गेले आणि वाट तेवढी मागे उरली. या उरलेल्या वाटांचे आजच्या भाषणात थोडे विवेचन करावयाचे आहे.

प्रथम प्रश्न असा की, आगगाडीचा मार्ग सायकलीला इतका मानवतो कसा? याचे उत्तर लोखंडाच्या गुळगुळीतपणात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर अल्प श्रमाने धावते खरे, पण त्याच गुणामुळे चढावर ते घसरू लागते. म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांना चढ टाळावेच लागले. त्यांनी टेकड्या कापल्या, दऱ्यांत भराव घातले, डोंगर पोखरून बोगदे काढले आणि चढ शंभर मीटरांना एक, फार तर दोन मीटर एवढाच राखण्याचा यत्न केला. बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ घ्यावा लागला, तर तेथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात.

आता थोडे गणित करून पाहू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरा. शंभराला एक असा चढ असेल, तर एक किलोमीटर अंतरात हे वजन १० मीटर, म्हणजे सुमारे तीन मजले उंच न्यावे लागते. शंभराला सहा असा चढ असेल, तर तेच वजन ६० मीटर, म्हणजे जवळजवळ वीस मजले चढवावे लागते. पहिले काम शाळकरी मूल आणि साठीचे गृहस्थ दोघांनाही साधेल. दुसऱ्याला तरुणाचीच छाती हवी. आगगाडीची अडचण होती, ती सायकलस्वाराची सोय झाली.

नदीचा सहवासही याच कारणाने घडतो. डोंगराळ मुलखात सर्वांत सौम्य उताराची वाट नदीने हजारो वर्षे आधीच खोदून ठेवलेली असते. अभियंता तिच्या काठाकाठाने रूळ टाकीत जातो. शिवाय रुळांच्या दोन्ही अंगांची पट्टी रेल्वेच्या मालकीची किंवा वहिवाटीची असल्यामुळे ती नांगराखाली येत नाही. भोवतालचे सगळे रान शेतीखाली गेले, तरी या अरुंद पट्टीत जुने गवत, झुडपे व पाखरे तग धरून राहतात. सायकलस्वाराला जे अरण्य दिसते, त्यातले काही अशा रीतीने वाचलेले असते.

रूळ उचलल्यावर मात्र वाट लगेच तयार होत नाही. रुळांखालची खडी हाताच्या मुठीएवढी असते. तीवर सायकल चालत नाही. ती काढून घेतात किंवा दाबून तिच्यावर चुनखडीच्या दगडाची बारीक चुरी पसरतात. या चुरीत पिठासारखा अंश आणि लहान कण एकत्र असतात. पाणी शिंपून रोलर फिरविला की पीठ कणांमधल्या फटी भरून काढते आणि थर घट्ट बसतो. मधला भाग किंचित उंच ठेवला आणि कडेचे चर व जुन्या मोऱ्या साफ राखल्या, म्हणजे पावसाचे पाणी वाटेवर साचत नाही. या पृष्ठभागासाठी सायकलीचे टायर थोडे रुंद, चाळीस मिलिमीटरांच्या आसपासचे, आणि हवा बेताची असावी. फार टणक हवा भरलेले टायर प्रत्येक खड्यावर उसळते. थोडे मऊ टायर खडा आपल्यात सामावून घेते. डांबरापेक्षा खडीची वाट स्वस्त पडते, आणि तिच्यावर मोटारीला वेगाचा मोहही होत नाही.

या कल्पनेचा आरंभीचा प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. तेथील एलरॉय ते स्पार्टा या गावांमधली गाडी १९६४ साली बंद पडली. राज्याने ती पट्टी १९६५ मध्ये विकत घेतली आणि १९६७ मध्ये सायकलींसाठी खुली केली. लांबी सुमारे ५१ किलोमीटर; वाटेत तीन बोगदे. त्यांतला सर्वांत लांब बोगदा सव्वा किलोमीटरच्या जवळपास आहे. आत दिवा हाती धरून, सायकल ढकलीत, छतातून टपकणाऱ्या पाण्याखालून चालत जावे लागते. हिवाळ्यात आत बर्फ साचू नये म्हणून बोगद्यांच्या तोंडाशी प्रचंड लाकडी दरवाजे बसविलेले होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतातही लॉरेन्शियन डोंगरांतून, सरोवरांच्या आणि नद्यांच्या काठाने गेलेला असाच एक जुना रेल्वेमार्ग आज सायकलस्वारांचा झाला आहे.

परंतु या विषयातला खरा पेच समजून घ्यावयाचा, तर मिसूरी राज्यातील ‘केटी’ वाटेकडे वळले पाहिजे. मिसूरी-कॅन्सस-टेक्सास या रेल्वेला लोक लाडाने ‘केटी’ म्हणत. तिचा एक फाटा मिसूरी नदीच्या काठाने जात असे. एका बाजूस चुनखडीचे उंच कडे, दुसऱ्या बाजूस नदीची सुपीक खोलगट जमीन. १९८६ च्या पुराने हा मार्ग खचला आणि कंपनीने गाड्या बंद केल्या. आता पुढे काय? अनेक ठिकाणी रेल्वेला जमिनीची मालकी नव्हती. केवळ गाडी चालविण्याचा हक्क होता. गाडी बंद म्हणजे हक्क संपला, आणि जमीन लगतच्या शेतकऱ्याकडे परत गेली, असा सरळ हिशेब. तसे झाले असते, तर अखंड मार्गाचे तुकडे झाले असते, आणि एकदा झालेले तुकडे पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते.

येथे १९८३ साली केलेला एक कायदा उपयोगी पडला. त्याचा आशय असा: भविष्यकाळी रेल्वेला हा मार्ग पुन्हा लागू शकेल, म्हणून तो पेढीतल्या ठेवीप्रमाणे राखून ठेवावा, आणि तोवर त्यावर पायवाट किंवा सायकलवाट करावी. केटी मार्ग अशा प्रकारे ठेवीत ठेवला गेला. एडवर्ड जोन्स आणि त्यांच्या पत्नी पॅट यांनी या कामासाठी सुमारे २२ लक्ष डॉलर दिले, आणि १९९० साली पहिला भाग खुला झाला. आज वाटेची लांबी सुमारे ३८६ किलोमीटर असून, तिचा निम्म्याहून अधिक भाग नदीच्या सोबतीने जातो. १९९३ च्या महापुरात तिचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तो दुरुस्त करून पुन्हा खुला करण्यात आला.

लगतच्या शेतकऱ्यांचा विरोध होता, हेही सांगितले पाहिजे. आपल्या शेतातून परक्या माणसांनी जावे, हे त्यांना रुचले नाही. आणि जमीन आपली, हा त्यांचा दावा पोकळ नव्हता. व्हर्माँट राज्यातील अशाच एका तक्रारीचा निकाल देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हा कायदा वैध ठरविला, मात्र जमीनमालकांना सरकारकडे भरपाई मागता येईल, असेही सांगितले. सार्वजनिक हित साधताना एकाच्या पदराला खार लावू नये, हा त्यातला बोध.

मार्गाचे अखंडत्व किती नाजूक असते, हे बूनव्हिल गावच्या पुलाने दाखविले. मिसूरी नदीवरचा हा रेल्वेपूल १९३२ सालचा. नावांना वाट देण्यासाठी त्याचा मधला भाग वर उचलता येत असे. कंपनीने तो उतरवून त्याचे पोलाद अन्यत्र वापरावयाचे ठरविले. सायकलींसाठी शेजारचा मोटारपूल होताच. मग लोकांनी काही वर्षे झुंज का द्यावी? कारण पूल गेला असता, तर रेल्वेचा मार्ग नदीपाशी तुटला असता, आणि मार्ग ‘राखून ठेवला आहे’ या म्हणण्यालाच बाधा आली असती. अखेर २०१० साली तो पूल गावाच्या हवाली करण्याचे ठरले.

आता आपल्याकडे पाहू. ग्वाल्हेरची चिमुकली नॅरोगेज गाडी २०२० साली थांबली, आणि त्या मार्गावर रुंद रूळ घालण्याचे काम हाती घेण्यात आले. म्हणजे रेल्वे परत येते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पट्टी अखंड राहिली म्हणूनच ते घडते. परंतु रूळ रुंद करताना नव्या आखणीने जुना मार्ग कोठे कोठे सोडून दिला जातो. तेथे जुने भराव, दगडी मोऱ्या आणि लहान पूल मागे राहतात. प्रथम कोणी कुंपण घालतो, मग कोणी माती उचलून नेतो, आणि दहा वर्षांत तेथे कधी मार्ग होता याची खूणही उरत नाही.

आपल्या गावाजवळ असा सोडून दिलेला मार्ग असेल, तर तो कोणाच्या मालकीचा आहे आणि त्याचे पुढे काय होणार आहे, एवढी चौकशी आपण अवश्य करावी. आजोबांच्या पिढीने टोपल्यांनी माती वाहून ज्या वाटा सपाट केल्या, त्या नातवांच्या सायकलींसाठी आयत्या तयार आहेत. त्यांचे तुकडे पडण्यापूर्वी आपण जागे झालो, तर पुरे.