विश्लेषण : कल्पित जगासाठी मित्रांनी मिळून नवी भाषा घडवायची, तर शेवटचा शब्द कोणाचा?

सोलापूरच्या भवानी पेठेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू अशा चार भाषा रोज कानावर पडतात. घरात एक, शाळेत दुसरी आणि दुकानात तिसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना पाचवी भाषा स्वतःच बनवावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. कादंबरी, कॉमिक, मोबाइल गेम किंवा वेब मालिकेसाठी काही जणांनी मिळून एक जग कल्पायचे आणि त्या जगातल्या लोकांची भाषाही घडवायची, हा छंद आता जगभर जोपासला जातो. काहींचा तर तो व्यवसाय झाला आहे. शब्द सुचणे हा यातला सोपा भाग. नियम कोणी ठरवायचे, मतभेद कसे मिटवायचे आणि उद्या त्यातून पैसे आले तर मालकी कोणाची, हे प्रश्न अवघड.

कल्पित भाषा म्हणजे नेमके काय?

लहानपणीची ‘च’ची भाषा बहुतेकांना आठवत असेल. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी ‘च’ आणायचा. ‘मला’ म्हणायचे तर ‘चलाम’. गावागणिक तिचे नियम थोडे बदलतात. मात्र ही वेगळी भाषा नव्हे. आत मराठीच असते, वर फक्त पडदा टाकलेला असतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ ज्या सकळ आणि सुंदरी लिपींत लिहून ठेवले, त्याही सांकेतिक लिपीच होत्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली, तेव्हा आतून मराठीच बाहेर आली.

कल्पित भाषेला स्वतःचे ध्वनी, स्वतःचे व्याकरण आणि स्वतःचा शब्दसंग्रह लागतो. ‘मी उद्या येईन’ हे वाक्य त्या भाषेत भाषांतर करून नव्हे, तर तिच्याच नियमांनी बांधता आले पाहिजे. आजवर कोणी न उच्चारलेले वाक्य दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे बांधले आणि ते एकसारखे निघाले, तर भाषा उभी राहिली असे समजावे.

‘किलिकी’ कशी घडली?

भारतातले सर्वांत परिचित उदाहरण ‘बाहुबली’मधील काळकेयांची किलिकी भाषा. १० जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या पहिल्या भागात ती ऐकू आली. ती घडवली तमिळ गीतकार मदन कार्की यांनी. तिचे मूळ मात्र युद्धपटात नाही. कार्की ऑस्ट्रेलियात पीएचडी करत असताना मुले सांभाळण्याचे कामही करत. त्या मुलांसोबत खेळता खेळता त्यांनी सुमारे १०० शब्दांची एक गमतीची भाषा तयार केली. तिच्यात ‘मिन’ म्हणजे मी आणि ‘निम’ म्हणजे तू. शब्द उलटा केला की अर्थ उलटा, असा साधा नियम.

दिग्दर्शक एस. एस. राजामौली यांना काळकेय टोळीसाठी भाषा हवी होती, तेव्हा हाच खेळ कामी आला. सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरणनियम तयार झाले. २१ फेब्रुवारी २०२० रोजी, जागतिक मातृभाषा दिनी, किलिकीचे संकेतस्थळही सुरू झाले. म्हणजे कल्पना मुलांच्या सहवासातली, गरज दिग्दर्शकाची, बांधणी गीतकाराची आणि पडद्यावरचा आवाज अभिनेत्याचा.

या उदाहरणातून एक सावधगिरीही शिकता येते. काळकेय भीतिदायक वाटावेत म्हणून त्यांच्या तोंडी कठोर ध्वनी घातले गेले. या टोळीच्या रंगरूपाच्या चित्रणावर टीकाही झाली होती. नवी भाषा घडवताना ‘रानटी’ लोकांना कोणते ध्वनी द्यायचे, हा निवाडा निरुपद्रवी नसतो. ट, ड, ळ, ण हे ध्वनी मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांत रोज प्रेमानेही बोलले जातात.

गाजलेल्या भाषा एकट्याच्या की अनेकांच्या?

जे. आर. आर. टॉल्किन यांचे नाव एकट्याने भाषा रचणारा लेखक म्हणून घेतले जाते. पण लहानपणी त्यांनी ‘नेव्हबॉश’ नावाची भाषा चुलत-मावस भावंडांच्या खेळातच घडवली होती. पुढच्या काळात भागीदारीचे वेगवेगळे नमुने तयार झाले.

क्लिंगॉन : ‘स्टार ट्रेक’च्या १९७९ मधील चित्रपटासाठी अभिनेता जेम्स डूहन यांनी काही ध्वनी आणि शब्द सुचवले. १९८४ च्या चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रांड यांनी त्यांवर पूर्ण भाषा उभी केली. १९८५ मध्ये तिचा शब्दकोश आला. नवे शब्द हवे असले की चाहते यादी करून ओक्रांड यांच्याकडे पाठवतात. त्यांनी मान्य केला तोच शब्द अधिकृत.

नावी : ‘अवतार’ (२००९) साठी जेम्स कॅमेरॉन यांच्याकडे सुमारे ३० शब्द तयार होते. त्यांतील ध्वनींचा धागा पकडून पॉल फ्रॉमर यांनी भाषा रचली. नावी लोकांच्या हाताला चार बोटे, म्हणून त्यांची मोजणी दहाच्या नव्हे, आठच्या पटीत चालते. चित्रपटानंतर चाहत्यांनीही शब्द सुचवले. अंतिम मान्यता फ्रॉमर यांची.

डोथ्राकी : ‘गेम ऑफ थ्रोन्स’साठी २००९ मध्ये भाषाकारांची स्पर्धा झाली आणि डेव्हिड पीटरसन निवडले गेले. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतील मोजके शब्द आणि नावे त्यांनी पायाला घेतली. हे घोडेस्वारांचे जग, त्यामुळे खुशाली विचारण्यासाठी ‘नीट घोडदौड करतोस ना?’ अशा अर्थाचे वाक्य आहे. ‘धन्यवाद’ला मात्र शब्दच नाही.

या तिन्हींत शब्द अनेकांकडून आले, पण कुलूप एकाच्याच हातात राहिले.

भवानी पेठेतील तिघांनी भाषा घडवायची ठरवली तर?

समजा, तीन मित्र आहेत. एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी तेलुगू, तिसऱ्याच्या घरी कन्नड. त्यांनी विणकरांचे एक बेट कल्पिले. आता ते कुठे अडतील?

पहिली अडचण न दिसणारी आहे. तिघांच्याही भाषांत क्रियापद सहसा शेवटी येते. ‘राजा घोडा पाहतो’ ही रचना त्यांना इतकी स्वाभाविक वाटेल की, वेगळे काही असू शकते हे लक्षातच येणार नाही. क्लिंगॉन परकी वाटावी म्हणून ओक्रांड यांनी कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता शेवटी, हा जगात विरळ आढळणारा क्रम मुद्दाम निवडला. तिघांचे एकमत झटकन झाले, तर तो निर्णय आहे की नुसती सवय, हे तपासावे.

दुसरी अडचण लिंगाची. मराठीत दरवाजा पुल्लिंगी, खिडकी स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी. कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरते. माणसे पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी, वस्तू नपुंसकलिंगी. तेलुगूत एकवचनात स्त्रीसाठीचे क्रियापदाचे रूप वस्तूंसारखेच असते. बेटावरची भाषा बायकांना कोणत्या गटात बसवते, यावरून तिथला समाज कसा आहे हेही वाचकाला कळते. त्यामुळे हा प्रश्न फक्त व्याकरणाचा राहत नाही.

तिसरी, आणि सर्वांत रंजक, अडचण ‘आम्ही’ की ‘आपण’ ही. मराठीत समोरच्याला धरून बोलायचे तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचे तर ‘आम्ही’. तेलुगूत हाच भेद ‘मनम’ आणि ‘मेमु’ असा आहे. आजच्या कन्नडमध्ये मात्र दोन्हींसाठी ‘नावु’. हिंदीत आणि इंग्रजीतही हा भेद नाही. नावी भाषेत तो आहे. तिघांपैकी दोघांना हा भेद आवश्यक वाटेल, तिसऱ्याला अनावश्यक. यावर वाद झाला, तर तो वाया जात नाही. बेटावरचे लोक परक्याला ‘आपण’मध्ये घेतात का, हे त्यातूनच ठरते.

शब्दांसाठी मात्र सोलापुरात सामग्री भरपूर आहे. मराठीत माग, कन्नडमध्ये मग्ग, तेलुगूत मग्गम. तिन्ही भाषांत सांधा आधीच जुळलेला आहे. उभा धागा ताणा, आडवा बाणा. विणकरांच्या बेटावर नात्याला ‘एकाच ताण्याचे’ असा शब्द शोभेल आणि भांडणाला ‘धागा तुटला’. मात्र खरा शब्द तसाच उचलला, तर ती कल्पित भाषा न राहता कोडे होते. म्हणून अर्थाची कल्पना घ्यावी, ध्वनी नव्याने बांधावेत.

कामाची वाटणी कशी करावी?

पीटरसन आणि भाषाशास्त्रज्ञ जेसी सॅम्स यांनी ‘मदरलँड : फोर्ट सेलम’ या मालिकेसाठी जोडीने भाषा रचली. यूट्यूबवर ते दोघे भाषा घडवण्याचे काम प्रेक्षकांसमोर करतात. एक नियम सुचतो, दुसरा त्यातली अडचण दाखवतो, मग दुरुस्ती होते, हे तिथे पाहायला मिळते. नवख्यांसाठी पुढील पद्धत सोयीची ठरते.

• आधी ध्वनींची यादी पक्की करा. कोणते ध्वनी आहेत आणि कोणते नाहीत, हे ठरण्यापूर्वी एकही शब्द नको.

• सगळ्यांना उघडता येईल असा एकच तक्ता ठेवा. शब्द, उच्चार, अर्थ, नमुना वाक्य, सुचवणाऱ्याचे नाव आणि तारीख, असे रकाने असू द्या.

• प्रत्येक शब्दासमोर ‘कच्चा’ की ‘पक्का’ याची नोंद करा. कच्चा शब्द कथेत वापरू नका.

• शब्द कोणीही सुचवावा, पण व्याकरणाचा अंतिम निर्णय एकाकडे असावा. तो कोण आणि किती काळ, हे सुरुवातीलाच ठरवा.

• रद्द केलेला शब्द पुसू नका. ‘जुना’ अशी खूण करा. त्या जगातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तो शोभून दिसतो.

एकमत झालेच नाही तर?

बेटाला दोन किनारे द्यावेत आणि दोन बोली होऊ द्याव्यात. खऱ्या भाषांतही हेच घडते. मराठी सोलापुरात वेगळी, कोल्हापुरात वेगळी, नागपुरात आणखी वेगळी, तरीही मराठीच. मतभेद बोलीत रूपांतरित झाला की दोघांचेही काम टिकते आणि जग अधिक खरे वाटते. मात्र दोन्ही बोलींमधील फरक तक्त्यात लिहून ठेवावा लागतो. नाही तर तो फरक नसून चूक वाटते.

मालकी कोणाची?

इथे छंद संपतो आणि व्यवहार सुरू होतो. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी लोकवर्गणीतून चित्रपट काढायला घेतला, तेव्हा पॅरामाउंट आणि सीबीएस या कंपन्यांनी २०१५ च्या अखेरीस अमेरिकेत दावा दाखल केला. त्यात क्लिंगॉन भाषेवरही हक्क सांगितला होता. भाषा घडवणाऱ्यांच्या संघटनेने त्याला हरकत घेतली आणि न्यायालयात दिलेल्या निवेदनात चक्क क्लिंगॉन वाक्ये वापरली. जानेवारी २०१७ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. भाषेवर मालकी असू शकते का, याचा निवाडा झालाच नाही.

भारतातील कॉपीराइट कायदा, १९५७ कल्पनेला नव्हे, तिच्या लेखी किंवा अन्य अभिव्यक्तीला संरक्षण देतो. त्यामुळे शब्दकोश, व्याकरणाची पुस्तिका, कथा यांवर हक्क सांगता येतो. ‘क्रियापद आधी येईल’ हा नियम मात्र कोणाच्याही नावावर होत नाही. अनेकांनी मिळून केलेल्या आणि ज्यात कोणाचा वाटा वेगळा काढता येत नाही अशा कृतीला कायदा संयुक्त लेखन मानतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी दस्तऐवज लागतो. १८ वर्षांखालील मुलांचा करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, म्हणून शालेय मुलांच्या गटात पालकांना सुरुवातीपासून कल्पना द्यावी. तक्त्यातील नाव-तारखेचे रकाने इथे उपयोगी पडतात. कोणी गट सोडला तर त्याचे शब्द राहणार की जाणार, हे मैत्री शाबूत असतानाच लिहून घ्यावे.

आपल्या भाषा असताना हा खटाटोप कशाला?

ही शंका रास्त आहे. पण भाषा घडवायला बसलेल्या मुलाला पहिल्यांदा स्वतःची भाषा तपासावी लागते. घरच्या तेलुगूत ‘मनम’ कधी आणि ‘मेमु’ कधी म्हणतात, हे आजीला विचारावे लागते. मागाच्या भागांची नावे जाणत्या विणकराकडून घ्यावी लागतात. फक्त बोलण्यापुरती उरलेली घरची भाषा त्या निमित्ताने कागदावर येते.

ठरवून शब्द घडवणे महाराष्ट्राला नवे नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातील सुमारे १४०० फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. सचिव आजही मंत्रालयात आहे. ‘पेशवा’लाही ‘प्रधान’ हा पर्याय होता, पण लोकांनी पेशवाच बोलात ठेवला. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सुचवलेला ‘महापौर’ सर्वत्र रुळला. ‘दिनांक’ अर्जावर आला, पण बोलण्यात ‘तारीख’ही राहिली.

राजाज्ञा असो, चित्रपट कंपनी असो की तिघांचा गट, कोशात शब्द घालण्याचा अधिकार त्यांचा. तो शब्द तोंडात ठेवायचा की नाही, हे बोलणारे ठरवतात. म्हणून पहिले ५० शब्द झाले की तक्ता बाजूला ठेवून तिघांनी दहा मिनिटे त्याच भाषेत गप्पा माराव्यात. जे शब्द आठवतील, ते पक्के.