उसाच्या बांधावर थांबलेली गोष्ट

शनिवारची सकाळची शाळा सुटली आहे. पाचवी-सहावीची पोरं सायकली दामटत ढालेवाडीच्या, शिरोलीच्या रस्त्याला लागली आहेत. दहावीचा वर्ग मात्र व्हरांड्यात सतरंज्या टाकून बसला आहे, कारण जानेवारीत आतल्या खोल्या दुपारपर्यंत गार असतात आणि व्हरांड्यात ऊन असतं. कुकडीच्या पात्रात येडगाव धरणाचं पाणी तुंबलेलं आहे, त्यावरून येणारा वारा मांडीवरच्या पॅडवरचे कागद उडवतो. कुणी त्यावर कंपासपेटी ठेवतं, कुणी कोपर. ओझरच्या विघ्नहराच्या देवळाकडून घंटेचा आवाज येतो, मधूनच दर्शनाला आलेल्या एखाद्या बसचा हॉर्न. इंग्रजीचा जादा तास सुरू होतो आहे आणि मी मागच्या भिंतीला टेकून बसलो आहे.

मॅडम एकेक कागद वाटत येतात. नारायणगावातून झेरॉक्स करून आणलेला, एका बाजूला त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेली पानभर इंग्रजी गोष्ट. गोष्ट त्यांनीच रचली आहे. आठवडाभर शेतीची लाईट रात्रीची आहे. एक मुलगा वडिलांबरोबर कांद्याला पाणी द्यायला निघतो. डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि काठी. मोटार चालू होते, पाणी दांडाला लागतं. शेजारच्या उसात काहीतरी खसफसतं. वडील थांबतात. बॅटरी विझते. गोष्ट तिथेच, बांधावर, संपते. मागची बाजू कोरी आहे.

"डिक्शनरी नाही, गाईड नाही, शेजारी विचारायचं नाही," मॅडम सांगतात. "अडलं तिथं पेन्सिलीनं रेघ मारा आणि पुढं चला. थांबायचं नाही. आणि ओठ हलवायचे नाहीत."

ओठ हलतातच. पुढच्या रांगेतला एक मुलगा बोट ठेवून शब्द शब्द पुटपुटतो आहे. मॅडम त्याच्याजवळ जाऊन नुसत्या उभ्या राहतात. तो ओठ मिटतो आणि त्याचं वाचन लगेच अडखळतं, कारण आवाजाशिवाय इंग्रजी वाचायची त्याला सवयच नाही. दोन ओळी मागे जातो, पुन्हा येतो. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलतो. बोट कागदावरून उठतं. उसाच्या ओळीपर्यंत पोचला असावा.

हा बदल पाहण्यासाठीच मी इथे आलो आहे. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. म्हणजे या व्हरांड्यातला प्रत्येक जण सलग दहा वर्षं इंग्रजी शिकला आहे. तरीही ज्याचा अर्थ आधी कुणी सांगितलेला नाही असं पानभर इंग्रजी त्यांच्यातल्या बहुतेकांनी आजवर क्वचितच स्वतःहून वाचलेलं असतं. मराठी माध्यमाच्या शाळांत सर्रास दिसणारी पद्धत अशी: सर धडा वाचतात, वाक्यावाक्याला मराठी अर्थ सांगतात, उत्तरं फळ्यावर येतात, फळ्यावरची वहीत उतरतात आणि वहीतली परीक्षेत. या सगळ्या प्रवासात मुलाला स्वतः कुठेच वाचावं लागत नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत, ८० गुणांच्या त्या लेखी परीक्षेत, पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यांना १५ गुण असतात. तिथे पोर एकटं पडतं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतं आणि तो सापडलेलं अख्खं वाक्य उत्तर म्हणून उतरवून मोकळं होतं. याला मी वाचन म्हणणार नाही. दोष पोरांचाही म्हणणार नाही.

दहा मिनिटं होतात. "आता शेजारच्याला मराठीत गोष्ट सांगा." व्हरांडा एकदम बोलका होतो.

"अगं बॅटरी गेली ना त्यांची!"

"गेली नाय, बापानंच बंद केली."

"कुठं लिहिलंय?"

"हे बघ ना, वाच की." आणि दोघी कागदावर वाकतात, एका वाक्यावरून भांडतात. इंग्रजी वाक्याचा अर्थ काय यावरून दोन मुली जिद्दीनं भांडताहेत आणि तंटा मिटवायला पुन्हा त्या वाक्याकडेच जाताहेत! मॅडम ऐकतात, पण मध्ये पडत नाहीत.

मग त्या फळ्यावर दोन वाक्यं लिहितात. 'माय फादर हेल्ड माय हँड टाइटली.' थोडी जागा सोडून दुसरं: 'इन द मॉर्निंग, वुई वेंट बॅक टु द फील्ड.' या प्रत्येक वाक्यापासून एकेक परिच्छेद पुढे लिहायचा आहे. अट एकच. दिलेल्या गोष्टीतले निदान पाच शब्द आपल्या लिखाणात आले पाहिजेत, आणि ते शोधायला कागद कितीही वेळा पाहिला तरी चालेल.

हा प्रकार मूळचा इथला नाही. चीनमध्ये बारावीनंतर जी गाओकाओ नावाची प्रवेशपरीक्षा होते, तिच्या इंग्रजीच्या पेपरातला हा प्रश्न आहे. ७ जूनला सुरू होणाऱ्या त्या परीक्षेला २०२४ साली १ कोटी ३४ लाख मुलं नोंदली गेली होती. इंग्रजीला तिथे १५० गुण, गणिताइतकेच. ग्वांगडाँगमधले भाषाशास्त्रज्ञ वांग छूमिंग यांनी 'वाचा आणि पुढे लिहा' ही पद्धत मांडली आणि २०१६ साली चेच्यांग प्रांताच्या परीक्षेत ती प्रथम आली. साधारण साडेतीनशे शब्दांची अपुरी गोष्ट आणि पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात. मुलानं दीडशे शब्दांत गोष्ट पुरी करायची. गोष्टीतले अधोरेखित शब्द वापरायची अट सुरुवातीच्या पेपरांत होती. आता नव्या पद्धतीच्या पेपरात या एका प्रश्नाला २५ गुण आहेत. वांग यांचं म्हणणं साधं आहे: जे नुकतं मन लावून वाचलं त्याच्याच पुढे लिहायचं असेल, तर वाचलेल्याची भाषा लिहिणाऱ्याच्या हातात उतरते आणि चुका कमी होतात. मॅडमना हे एका लेखातून कळलं. आपल्याकडे दहावीच्या कृतिपत्रिकेत गोष्ट पुरी करण्याचा प्रश्न आहे, पण ५ गुणांचा आणि तोही पर्यायात. बहुतेक मुलं तो सोडून बातमीलेखन घेतात, कारण बातमीचा साचा पाठ करता येतो.

"मॅडम, चायनाच्या पोरांना पण इंग्रजी अवघड जातं?" मागून एक जण विचारतो.

"जातं की. तुझ्यापेक्षा अवघड. त्यांची लिपी बघितलीस का? आणि त्यांनाही तिसरीपासून शिकावं लागतं, २००१ पासून."

"मग ते पण गाईड पाठ करतात?"

"करतात. तयार वाक्यं पाठ करतात. म्हणून तर हा प्रश्न काढला, पाठ करून येता येऊ नये म्हणून."

ही माहिती पोरांना फार आवडते. जगात कुठेतरी आपल्याच वयाची कोट्यवधी मुलं याच भाषेशी झगडताहेत, हे त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगितलं आहे.

लिहिणं सुरू होतं. मी फिरून पाहतो. भिंतीकडेच्या एका मुलानं पहिलं वाक्य लिहिलं आहे, 'माय फादर गो निअर द शुगरकेन.' तो गोष्टीचा कागद ओढतो, नजर फिरवतो. तिथे 'वेंट' आहे. आणखी खाली पुन्हा 'वेंट'. तो 'गो' खोडतो आणि 'वेंट' लिहितो. कुणी नियम सांगितलेला नाही. पुढच्या वाक्यात तो आपणहून 'हर्ड' लिहितो, स्पेलिंगसाठी पुन्हा कागद पाहतो. त्याच्या व्याकरणाच्या वहीत भूतकाळाचे तक्ते असणार, पाचवीपासून दरवर्षी. तक्त्यातला भूतकाळ त्यानं दरवर्षी पाठ केला आणि दरवर्षी विसरला. आज त्याला तो लागतो आहे, कारण त्याच्या गोष्टीतला बाप काल रात्रीच्या अंधारात उसाकडे गेलेला आहे.

उसात कोण आहे याची उत्तरं वेगवेगळी आहेत. अर्ध्याहून अधिक वह्यांत बिबट्या आहे, आणि ते साहजिक आहे. जुन्नर तालुक्यात बिबट्या हा वर्तमानपत्राचा विषय नसून घरचा विषय आहे. संध्याकाळच्या शिकवणीला पोरं घोळक्यानं जातात, लहानांना अंगणात एकटं सोडत नाहीत. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. एका मुलीनं लिहिलं आहे की सकाळी ऊसतोडीवाल्यांना फडात बिबट्याची पिल्लं दिसली, फॉरेस्टवाले आले, त्यांनी पिल्लं क्रेटमध्ये ठेवली, रात्री क्रेट तिथेच फडात ठेवला आणि आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. हे असंच करतात. तोडणीच्या हंगामात जुन्नर भागात अशी पिल्लं आईजवळ पोचवली जातात. तिच्या इंग्रजीत चुका आहेत, 'द' नको तिथे आहे, हवा तिथे नाही. पण क्रेट, रात्र, आई, सगळं क्रमानं आणि स्पष्ट आलं आहे. वाचणाऱ्याला कुठेही अडखळायला होत नाही.

दुसऱ्या एकाच्या उसात बिबट्याच नाही. चोर आहेत, मोटारीची केबल कापून तांबं न्यायला आलेले. "मॅडम, केबलचोर कसं लिहू?"

"साधं लिही. 'दे केम टु स्टील अवर वायर.' 'स्टील' म्हणजे चोरणं, स्पेलिंग बघ हं, लोखंडाचं नको."

आणि तिसरी एक, जिच्या घरचं देवळाच्या वाटेवर हार-दूर्वांचं दुकान आहे, तिनं काहीच लिहिलेलं नाही. हीच मुलगी सुट्टीत दुकानावर बसून बंगळूरहून, हैदराबादहून अष्टविनायक करायला आलेल्या लोकांशी इंग्रजीतून व्यवहार करते. दर, सुटे पैसे, चपला कुठे ठेवायच्या, लेण्याद्रीला किती वेळ लागेल, सोन्याचा कळस कुणी चढवला. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी, हे ती घडाघडा सांगते. कागद पुढे आला की हात थांबतो. मॅडम तिच्याजवळ बसतात. "गिऱ्हाईकाला सांगतेस तसं मला सांग. मग काय झालं?" ती सांगते, तुटक इंग्रजीत, हातवारे करत. मॅडम म्हणतात, "आता हेच लिही, जसंच्या तसं." ती लिहू लागते. चार ओळी होतात, मग सहा.

तपासणीची रीतही मला पटते. वह्यांची अदलाबदल होते, पण एकमेकांच्या सगळ्या चुका शोधायच्या नाहीत. आज फक्त क्रियापदं पाहायची, भूतकाळात आहेत की नाहीत. बाकी चुकांवर लाल रेघ नाही. लाल रेघांनी भरलेली वही परत मिळाली की पोर पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं, बिनचूक आणि बिनकामाच्या. हे मी अनेक शाळांत पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तास संपता संपता मॅडम मला मागच्या महिन्यातली पत्रं दाखवतात. आधी गाईडमधून आलेली: जवळजवळ प्रत्येकाची सहल महाबळेश्वरला गेलेली, प्रत्येकाला तिथली हवा 'चार्मिंग' वाटलेली, पत्ता एकच. मग त्यांनी खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर एक इंग्रजी उतारा दिला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मध्ये एकत्र आणि बाकीच्या तीन भुजांवर इंग्रजी 'वाय'सारख्या पसरलेल्या, आणि हे सगळं उभं करणारे गोविंद स्वरूप. उतारा वाचून आधी तक्ता भरायचा, मग मामेभावाला पत्र लिहायचं. त्या पत्रांत एकाही ठिकाणी 'चार्मिंग' नाही. एकानं लिहिलं आहे की एक तबकडी आमच्या आत्याच्या शेताजवळ आहे, ती हळूहळू वळते आणि तिथं मोबाईल बंद ठेवावा लागतो. हे पत्र मामेभाऊ खरंच वाचेल.

ऊन व्हरांड्यावरून सरकलं आहे. पोरं सतरंज्या गुंडाळतात. पुढच्या शनिवारच्या गोष्टीसाठी मॅडमना कागद हवा आहे, झेरॉक्सचे पैसे त्या स्वतःच्या खिशातून देतात. शाळेच्या कपाटात इंग्रजीची पुस्तकं आहेत, पण ती व्याकरणाची आणि निबंधांची. दहावीच्या पोरानं एका बैठकीत संपवावं असं गोष्टीचं पुस्तक त्यांत जवळपास नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. विघ्नहराच्या दर्शनाला ओझरला येणार असाल, किंवा तुमच्या स्वतःच्या गावी जाणार असाल, तर जवळच्या मराठी शाळेत डोकवा आणि इंग्रजी गोष्टींची पाच-सहा पातळ पुस्तकं देऊन या. सोपी, मोठ्या टाइपाची, तीस-चाळीस पानांची. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची अशी पुस्तकं स्वस्तात मिळतात, प्रथमच्या स्टोरीवीव्हरवर तर ती मोफत आहेत, छापून नेता येतात. व्याकरणाची नकोत, ती शाळेत पुष्कळ आहेत.