चाकण गेले, पुरंदर आले: जुन्नर-आंबेगावच्या वाटेवरून विमानतळाचा मागोवा

पुणे जिल्ह्याच्या नागरी विमानसेवेचा सगळा भार आजही लोहगावच्या एकाच धावपट्टीवर आहे, आणि ती धावपट्टी हवाई दलाची आहे. १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, हा तळ उभा राहिला. धावपट्टीची लांबी जेमतेम अडीच किलोमीटर असल्याने लांब पल्ल्याची मोठी विमाने पूर्ण भार घेऊन तिथून उडू शकत नाहीत, आणि लढाऊ विमानांच्या सरावातून उरलेल्या वेळातच प्रवासी विमानांना जागा मिळते. २००५ च्या अखेरीस दुबईची सेवा सुरू झाली, चाकण आणि हिंजवडी वाढले, प्रवासी वर्षाला एक कोटीच्या घरात गेले. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल वापरात आले. धावपट्टी मात्र तीच राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या दुरुस्तीसाठी नागरी उड्डाणे १४ दिवस बंद ठेवावी लागली, तेव्हा एवढ्या मोठ्या जिल्ह्याला दुसरा विमानतळ नाही, ही उणीव ढळढळीत समोर आली.

दुसऱ्या विमानतळाचा शोध मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. या शतकाच्या पहिल्या दशकात नजर खेड तालुक्यावर होती: आधी चाकणच्या आसपास, मग राजगुरूनगर परिसरात. जुन्नर आणि आंबेगाव या उत्तरेच्या तालुक्यांच्या दृष्टीने हीच जागा सर्वात सोयीची होती. पुणे-नाशिक महामार्गावर राजगुरूनगर पुण्यापासून सुमारे ४०, मंचर ६० आणि नारायणगाव ७५ किलोमीटरवर आहे. विमानतळ खेडमध्ये झाला असता, तर मंचरहून तो अर्ध्या-पाऊण तासावर आला असता.

तो झाला नाही, याची दोन कारणे होती. पहिले जमिनीचे. खेडच्या शेतकऱ्याने चासकमान आणि भामा आसखेडची धरणे पाहिली होती, कनेरसर-निमगावकडे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी झालेले भूसंपादनही पाहिले होते. आंबेगावकरांनाही हे नवे नव्हते, कारण डिंभे धरणात मूळ आंबेगाव गावच बुडाले. त्यामुळे ‘विकासासाठी जमीन द्या’ हा शब्द या पट्ट्यात कोणी सहज मानत नाही, आणि तो मानावा अशी अपेक्षा धरणेही अन्यायाचे आहे.

दुसरे कारण डोंगरांचे. मोठ्या विमानतळाभोवती सुमारे चार किलोमीटरच्या परिघात ४५ मीटरपेक्षा उंच अडथळा नसावा, आणि धावपट्टीच्या टोकांकडे उतरण्याची वाट पंधरा किलोमीटरपर्यंत तपासली जाते. सह्याद्रीच्या रांगा जिथे पूर्वेकडे पसरतात तिथे अशी मोकळीक मिळणे कठीण. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या पाहणीत खेडची जागा तांत्रिकदृष्ट्या बसली नाही, आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने पुरंदरची निवड जाहीर केली.

पुरंदरचा पुढचा प्रवासही सरळ नव्हता. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांची सुमारे २,८३२ हेक्टर जमीन ठरली. पुढच्या सरकारने दुसरी जागा पुढे केली, तिला संरक्षण मंत्रालयाची मान्यता टिकली नाही, आणि प्रकल्प पुन्हा मूळ सात गावांवर आला. २०२५ मध्ये सर्वेक्षणावरून गावकरी आणि पोलीस आमनेसामने आले. नंतर क्षेत्र निम्म्याहून कमी, सुमारे १,२८५ हेक्टरांवर आणले गेले.

या सगळ्या काळात चर्चा झाली ती जागेची. विमानतळांच्या जाळ्याचा विचार करायचा तर आधी विचारावे लागते की कोणत्या गावाहून कोणता विमानतळ किती वेळात गाठता येतो, आणि तिथे पोहोचायला रस्ता किंवा रेल्वे कोणती. खेडऐवजी पुरंदर ठरले तेव्हा विमानतळ पुणे शहराच्या उत्तरेकडून दक्षिणेला गेला. मंचर-जुन्नरच्या प्रवाशाला आता चाकणची कोंडी आणि मग पुणे शहर किंवा त्याचा वळसा पार करावा लागणार. ही किंमत उत्तरेच्या तालुक्यांना मोजावी लागेल, पण निवडीच्या वेळी ती कोणी ठळकपणे मांडली नाही.

दरम्यान इतर दिशांना पर्याय उभे राहिले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथे शिर्डी विमानतळ सुरू झाला. आळेफाट्याहून तो आणि लोहगाव जवळपास सारख्याच अंतरावर पडतात. नाशिकजवळच्या ओझरहूनही विमाने उडतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. ओतूरच्या माणसाला तिथे जायचे तर माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की हीच वाट बंद होते.

शेतमालाचे गणित वेगळे आहे. नारायणगावचा टोमॅटो ट्रकने देशभर जातो आणि जुन्नरची निर्यातीची द्राक्षे शीतपेटीतून न्हावाशेवा बंदरावर, तिथून समुद्रमार्गे युरोपला. विमानतळ आला की शेतकऱ्याचे भाग्य उजळेल, असे आश्वासन म्हणूनच जपून द्यायला हवे. इथली खरी गरज माणसांच्या प्रवासाची आहे: आखाती देशांत, युरोप-अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची.

विमानतळ थेट जुन्नरमध्येच का नको, याचे उत्तर त्याच तालुक्यातल्या खोडदला आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या या परिसरात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. सुधारणेनंतर ती साधारण १२० ते १,४६० मेगाहर्ट्झच्या लहरी ऐकते. विमानांचा संवाद ११८ ते १३७, उतरणीचा मार्ग दाखवणारी यंत्रणा ३२९ ते ३३५ आणि अंतरमापक ९६० ते १,२१५ मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे बहुतेक त्याच पट्ट्यांत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा चाकण, मंचर, नारायणगावमार्गे आखलेला सुमारे २३५ किलोमीटरचा मार्गही रेल्वे मंत्रालयाने याच दुर्बिणीचे कारण देऊन नाकारला आणि शिर्डीकडून वळवण्याचे ठरवले. जुन्नर, आंबेगाव आणि खेडमध्ये या मार्गासाठी भूसंपादन आधीच सुरू झाले होते, म्हणून मूळ मार्गाची मागणी तालुक्यांत अजून जोरात आहे. दुर्बिणीला बाधा न आणता मूळ मार्ग थोडा बाजूला नेता येईल का, याची तपासणी झाली पाहिजे. कारण पुरंदर पूर्ण झाल्यावरही मंचर किंवा आळेफाट्याहून विमानतळाला जाण्यासाठी तूर्त पुणे-नाशिक महामार्गच हाताशी राहतो.