मुंबईचा प्लेग आणि एडिंबराचे गणित

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याची नोंद सरकारी दप्तरात होती. १९२७ साली ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका आलेखावर ठिपक्यांच्या रूपात उमटली. त्या ठिपक्यांना जवळजवळ चिकटून एक घंटेसारखी रेषा जात होती, आणि ती निव्वळ समीकरणातून काढलेली होती.

ही करामत एडिंबरातल्या दोघांची. अँडरसन मॅकेंड्रिक हे डॉक्टर. हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत त्यांची बरीच वर्षे गेली. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते. विल्यम करमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी कायमची गेली. पुढचे गणित त्यांनी डोक्यात केले, हे वाचून आजही थक्क व्हायला होते.

त्यांची कल्पना साधी होती. लोकसंख्येचे तीन भाग करायचे: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. पहिल्या भागातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने सरकतात, ते लिहायचे. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. साथ थांबायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही. लागणयोग्य माणसांचे प्रमाण एका मर्यादेखाली आले, की ती आपोआप ओसरू लागते. सगळ्यांना लस टोचली नाही तरी साथ का रोखता येते, याचे उत्तर याच मर्यादेत आहे.

मात्र मुंबईची रेषा जरा जास्तच देखणी होती. तिच्या समीकरणातून त्या हंगामातले एकूण मृत्यू नऊ हजारांच्या आसपास येतात. शहराची वस्ती कित्येक लाखांची. मग लागणयोग्य माणसे संपली कुठे? प्लेग मुळात उंदरांचा, माणसापर्यंत तो पिसवा आणतात. मुंबईत तो वर्षानुवर्षे साधारण त्याच मोसमात चढे आणि उतरे, कारण पिसवांचे जगणे हवामानावर अवलंबून. उंदरांचा मुद्दा दोघांनी लेखातच मान्य केला होता, पण समीकरणात ऋतू नव्हता. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले असे नाही. अलीकडच्या संशोधकांनी हेच आकडे ऋतू, उंदीर आणि पिसवा धरून पुन्हा तपासले आहेत. कोविडच्या काळात तीन भागांचीच ही मांडणी वय, प्रवास आणि सांडपाण्यातील विषाणूंच्या नोंदी जोडून जगभर वापरली गेली.

रेषेवर विश्वास केव्हा ठेवावा, याचे चांगले उदाहरण एचआयव्हीचे. लागणीनंतर बरीच वर्षे रुग्ण ठणठणीत दिसतो, म्हणून विषाणू निपचित पडून असतो असा समज होता. डेव्हिड हो या डॉक्टरांच्या रुग्णांना विषाणूची वाढ रोखणारे औषध दिले गेले. रक्तातले विषाणू किती झपाट्याने घटतात, यावरून ॲलन पेरेलसन या सैद्धांतिक जीवशास्त्रज्ञाने उलटा हिशेब मांडला. १९९६ साली निष्कर्ष आला: शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात आणि जवळपास तितकेच मरतात. इथे डॉक्टरांनी आधी आजारालाच धक्का दिला, मग आकडे घेतले. म्हणून मला हे गणित मुंबईच्या आलेखापेक्षा भक्कम वाटते.

इतक्या प्रचंड उत्पत्तीत एखादे औषध चुकवणारा विषाणू निपजणारच. तीन औषधांना एकाच वेळी चुकवणारा मात्र फार दुर्मीळ. म्हणूनच आज भारतातही एचआयव्हीच्या बहुतेक रुग्णांना तीन औषधे असलेली एकच गोळी रोज दिली जाते.