बांधावरची खर्पुडी



ऊस विकास विभागाच्या पानावर उसाखेरीज दुसरं नाव दिसलं की कपाळाला आठ्या पडतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी या खेपेला चार ओळी खर्पुडीविषयी.

पावसाळ्यात मुरमाड माळावर काटेरी झुडपाच्या आधारानं हा नाजूक वेल चढतो. पानं समोरासमोर, जाड व रसाळ. एका वेलाची गोल तर दुसऱ्याची अरुंद, त्यामुळं ओळखताना माणूस फसतो. जमिनीत चपटा-गोल कंद. पानं आणि कंद दोन्ही खाल्ले जातात. कंद कच्चा कडवट लागतो, शिजवला की कडूपणा उतरतो. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९५ साली या वेलाचं शास्त्रीय नाव 'सेरोपेजिया बल्बोसा' असं छापलं.

फूल मात्र मोठं गमतीचं. खाली फुगीर, वर नळी आणि टोकाला पाकळ्या जुळून कंदिलासारखी जाळी; म्हणून कंदीलपुष्प. चिलटाएवढी माशी नळीत शिरते, पण आतले केस खाली वळलेले असल्यानं तिला परत फिरता येत नाही. पुढं केस सुकतात, माशी परागांचं गाठोडं अंगाला चिकटवून सुटते, आणि शहाणी न होता दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते!

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, माळ सपाट होऊन उसाखाली गेले. त्याबद्दल तक्रार नाही. पण आता अशा वेलींना जागा उरली ती बांधाची. आणि आडसालीची लागण व खर्पुडीचा फुलोरा एकाच हंगामात येतो. टू-फोर-डी रुंद पानाचं तण मारतं. ऊस गवताच्या जातीचा म्हणून तगतो, खर्पुडी तगत नाही. पंपात उरलेलं औषध बांधावर मारून मोकळं व्हायची रीत आहे, ती सोडावी. त्यानं उसाचा एक कांडाही वाढत नाही. फवारलेल्या बांधावरची भाजी तर घरात आणूच नये.

दुसरी गोष्ट जिवाची. त्याच कुंपणात कळलावीही चढते. तिचा कंद जहाल विषारी आहे. तिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं वळून आधार धरतं, फूल लाल-पिवळं, कंद नांगरासारखा दुफाटा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यामुळंच. पोरांना हा फरक आधी दाखवा, कंद मग. कंद काढला की वेल संपला, म्हणून शिंगासारख्या जोडशेंगा उकलून म्हाताऱ्या उडेपर्यंत तरी थांबावं.

ओळख पटत नसेल तर कंद न उपटता फुलासकट एक फांदी गट कार्यालयात आणून दाखवावी.