कोरिया–चिली करार: अंतराबद्दलचे गैरसमज

दक्षिण कोरिया आणि चिली यांच्यात प्रशांत महासागर पसरलेला आहे; सोल ते सान्तियागो हे अंतर सुमारे 18 हजार किलोमीटर भरते. तरीही कोरियाचा पहिला मुक्त व्यापार करार झाला तो चिलीशीच. 1 एप्रिल 2004 रोजी तो अमलात आला.

इतक्या लांबच्या देशाशी केलेला करार शोभेपुरता असतो, हा समज इथे टिकत नाही. चिली दक्षिण गोलार्धात असल्यामुळे दोन्हीकडचे ऋतू उलटे आहेत. कोरियातले वेल हिवाळ्यात उघडे पडतात, तेव्हा चिलीतली द्राक्षे तयार होतात. शिवाय कोरियाच्या कारखान्यांना तांबे हवे असते आणि चिलीला मोटारी.

‘मुक्त’ म्हणजे सगळ्या मालावरचे शुल्क एका रात्रीत शून्य, हा दुसरा समज. जागतिक व्यापाराच्या नियमांनुसार अशा करारात ‘जवळजवळ सर्व’ व्यापार यावा लागतो, आणि खरी घासाघीस त्या ‘जवळजवळ’मध्येच होते. कोरियाने तांदूळ, सफरचंद आणि नासपती बाहेर ठेवले. चिलीने फ्रिज आणि वॉशिंग मशीन. द्राक्षांची तोड तर हंगाम पाहून काढली गेली: नोव्हेंबर ते एप्रिल या काळातले शुल्क दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे, एरवीचे तसेच ठेवायचे. एवढे करूनही कोरियन शेतकरी रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी 2003 मध्ये सह्या झालेल्या कराराला संसदेची मंजुरी मिळायला वर्ष गेले.

सवलत आपोआप मिळते, असेही नाही. माल करारातल्या देशातच तयार झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. नाहीतर तिसऱ्याच देशाचा माल चिलीमार्गे आत शिरला असता.

दूरच्यांशी करार म्हणजे शेजाऱ्यांकडे पाठ, हा समज मात्र अगदीच निराधार नाही. चिली 1996 पासून मर्कोसुर या शेजारी गटाचा सहयोगी सदस्य आहे, पूर्ण सदस्य नाही. त्या गटाचे बाह्य आयात शुल्क सामायिक असते. ते स्वीकारले असते तर इतरांशी स्वतंत्र शुल्क-करार करण्याची मुभा गेली असती. चिलीने ती मुभा राखली आणि 2005 मध्ये न्यूझीलंड, सिंगापूर व ब्रुनेईबरोबर प्रशांत महासागरापार करार केला. त्याच बीजातून पुढे मोठा प्रशांत करार उभा राहिला. 2018 मध्ये त्यावर सह्या झाल्या त्या सान्तियागोत, आणि डिसेंबर 2024 पासून अटलांटिककाठचा ब्रिटनही त्यात आहे! कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे. शेजारच्या जपानशी 2003 च्या अखेरीस सुरू झालेली त्याची बोलणी वर्षभरातच अडकली. हे दोघे एका व्यापार करारात आले ते थेट 2022 मध्ये, तेही पंधरा देशांच्या गर्दीत.