वस्तूबद्दल काहीच न विचारणारं गिऱ्हाईक

कोथरूडच्या आमच्या भागात घरं आवरून निघणारी माणसं आता पुष्कळ दिसतात. कुणी मुलाकडे परदेशी निघालेलं असतं, कुणी मोठा फ्लॅट विकून दोन खोल्यांच्या जागेत. मग सागवानी दिवाण, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, फ्रीज यांचं करायचं काय? भंगारवाला कपाट किलोवर तोलतो. चाळीस वर्षं वापरलेल्या वस्तूला तो भाव ऐकणं माणसांना जड जातं. म्हणून मोबाइलवर जाहिरात टाकायची, आणि शेजारपाजारच्या काका-काकूंसाठी हे काम मी करते. फोटो काढते, मापं घेऊन मजकूर लिहिते, फोन घेते. वस्तू विकणं यातलं सोपं काम आहे, खरा वेळ गिऱ्हाईक पारखण्यात जातो.

जाहिरात दिसू लागली की थोड्याच वेळात फोन येतो, आणि तो पहिला फोन बहुधा ठकाचा असतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं कपाट सहा हजारांना लावलं होतं, तेव्हाचं बोलणं मला जवळजवळ पाठ आहे. "मॅडम, अलमारी है ना अभी? ठीक है, मेरे लिए फिक्स कर दीजिए. ॲड हटा दीजिए." किमतीवर घासाघीस नाही, कप्पे किती ते नाही, कुलूप चालतं का ते नाही. मग ओळख: आर्मीत आहे, नुकतीच खडकीला बदली झालीय, ड्यूटीमुळे स्वतः येता येणार नाही, सामान न्यायला गाडी येईल. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड.

ही कागदपत्रं पाहून माणूस सैल पडतो, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. खडकी, दिघी, कॅम्प, खडकवासल्याची एनडीए हे सगळं पुणेकराच्या रोजच्या रस्त्यावर आहे. साताऱ्याच्या अपशिंग्याला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. ज्याच्या नात्यात कुणी फौजेत नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल. ही कार्डं बहुतेकदा कुठल्या तरी खऱ्या जवानाची, परस्पर मिळवलेली असतात. त्या जवानाला पत्ताही नसतो की त्याच्या चेहऱ्यावर कुणी म्हाताऱ्या बाईला लुबाडतंय. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त राग याचा येतो.

पुढची पायरी पैशाची. "आर्मी का पेमेंट ऐसे ही होता है" असं सांगून तो एक क्यूआर कोड पाठवतो. आधी पाच रुपयांचा. तो स्कॅन करा, पिन टाका, मी दुप्पट परत पाठवतो. आणि खरंच दहा रुपये येतात! इथं त्यानं पाच रुपये गमावून विश्वास विकत घेतलेला असतो. मग सहा हजारांचा कोड येतो. तो स्कॅन करून पिन टाकला की विकणाऱ्याच्या खात्यातून सहा हजार जातात. विकणारा घाबरला की ठक म्हणणार, चुकून उलटं झालं, हा दुसरा कोड स्कॅन करा म्हणजे रिव्हर्स होईल. तो बारा हजारांचा असतो. हे सगळं होईपर्यंत फोन चालूच ठेवायला लावतो, कारण कान त्याच्याकडे असले की डोळे स्क्रीनवरची अक्षरं वाचत नाहीत.

काकूंच्या बाबतीत पाच रुपयांवरच थांबवलं, कारण फोन माझ्या हातात होता. पण त्यांना ते नीट समजावं असं मला वाटत होतं, म्हणून तो कोड त्यांच्यासमोरच माझ्या मोबाइलवर स्कॅन केला. पडद्यावर एक अनोळखी नाव, रक्कम आणि खाली 'पे'. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात दडलेलं असतं ते एवढंच: कुणाच्या यूपीआय पत्त्यावर आणि किती रुपये. स्कॅन करणारा पैसे देतो. घेणाऱ्याला काहीच करावं लागत नाही, पिन तर नाहीच. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधल्या 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केल्या, त्यामुळे पैसे मागणारी सूचना पाठवून फसवण्याची एक वाट बुजली. क्यूआरची वाट मात्र उघडीच आहे, कारण तिथं पैसे आपण स्वतःच्या हातानं पाठवतो.

फसलेल्या माणसाला लोक लोभी म्हणतात, ते मला पटत नाही. सहा हजारांचं कपाट सहा हजारांना विकणाऱ्यात लोभ कुठला? काकूंना कपाट चांगल्या घरी जावं आणि महिनाअखेरीआधी जागा रिकामी व्हावी, एवढंच हवं होतं.

खरं गिऱ्हाईक कसं असतं? ते भांडतं. वारज्याचा एक रंगकाम करणारा दादा त्याच कपाटासाठी आला. फोनवरच त्यानं खोली विचारली, जिन्याचं वळण विचारलं. आल्यावर टेपनं मोजलं, खालच्या कप्प्यात हात घालून गंज शोधला, लॉकरची किल्ली तीनदा फिरवून पाहिली, मग म्हणाला, "काकू, पाचाला द्या." काकू चिडल्या. मला मात्र त्याच क्षणी खात्री पटली. ज्याला वस्तू घरात ठेवायची आहे तो तिच्यात खोट काढणारच. ज्याला वस्तू नकोच आहे, त्याला ती कशीही चालते. म्हणून आता मी जाहिरातीत एखादं माप मुद्दाम गाळते आणि फोन करणारा ते विचारतो का, याची वाट पाहते.

दारात येऊन फसवणारेही असतात. टेम्पो खाली उभा, वॉशिंग मशीन लिफ्टमध्ये, आणि हा हिरवी टिक असलेला स्क्रीनशॉट दाखवतो: पैसे गेले, सर्व्हर डाऊन आहे. अशा टिकेची हुबेहूब नक्कल करणारी ॲप्स आहेत. बँकेसारखा दिसणारा मेसेजही साध्या दहा आकडी नंबरवरून पाठवता येतो. खात्यातली शिल्लक स्वतः उघडून बघायची, तोवर मशीन हलवू द्यायचं नाही. सर्व्हर खरंच अडकतो कधीकधी, म्हणून मी माणसाला बसवते, चहा देते. खरा असेल तो थांबतो किंवा एटीएमला जाऊन येतो.

स्कूटर विकताना होणारी लबाडी याहून संथ असते, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. पैसे पूर्ण मिळतात, गाडी जाते, आणि घेणारा आरटीओत नाव बदलूनच घेत नाही. विकणाऱ्यानं एजंटांच्या भाषेतल्या 'टीटी फॉर्म'वर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, कोऱ्या सह्या केलेल्या असतात. त्या कोऱ्या सह्यांवर गाडी तिसऱ्याला, चौथ्याला विकली जाते. चलनं मात्र जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात. चलनाचं एक वेळ सोडा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदणी पुस्तकात ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून आमच्याकडे नियम केलाय: फॉर्म पूर्ण भरून, घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ घालूनच सही, आणि विक्रीची माहिती आरटीओला आपण स्वतः कळवायची.

पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. लगेच, त्याच तासात. पैसा एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात सरकत असतो. तो एटीएममधून बाहेर पडायच्या आत तक्रार पोचली तरच बँक तो रोखून धरू शकते. शेजारच्या इमारतीतल्या एका काकांचे पैसे असेच कपाटवाल्या पद्धतीनं गेले, आणि त्यांनी दोन दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून. ते दोन दिवस ठकाला मिळाले. तक्रार नोंदवायला मी त्यांच्याबरोबर बसले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे त्यांना सांगितलं, ठकाचा नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर कळवला. पैसे काही परत आले नाहीत.

काकांचा दिवाण विकायचा राहिला होता. या वेळी फोन त्यांनीच घेतले, मी नुसती शेजारी बसले. एकानं काहीच न विचारता "फिक्स" म्हटलं, काकांनी त्याला दिवाणाची लांबी विचारली आणि फोन ठेवला. संध्याकाळी नऱ्ह्याहून एक जोडपं आलं. बाईंनी फळ्या वाजवून पाहिल्या, एक फळी सागाची नाही, प्लायची आहे हे शोधून काढलं. काका म्हणाले, ती २००५ मध्ये बदललीय. बाई म्हणाल्या, मग सातशे कमी करा. मी चहा ठेवायला आत गेले तरी त्यांचं पाचशे की सातशे हे चाललंच होतं.